आर्डिसचं पितळ

आर्डिस ट्वेट आणि लायल मॅकेबी यांनी साठी उलटल्यावर लग्न करायचं ठरवलं, तेव्हा विलोबी गावात कुणी नाक मुरडलं नाही. दोघंही एकटी, दोघंही धडधाकट, आणि मोंटानातला हिवाळा एकट्याने काढण्यापेक्षा दुकट्याने काढलेला बरा, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. शंका होती ती एकच, आणि ती पाद्रीबाबांनीसुद्धा लग्नाआधीच्या भेटीत हळूच बोलून दाखवली. म्हणाले, दोघांची टेबलं एका गॅरेजात मावतील ना?

टेबलं म्हणजे काडतुसं भरायची. विलोबीत ज्याच्या घरी रायफल त्याच्या घरी असं टेबल असतंच. बार उडाला की रिकामं पितळ खिशात घालून घरी आणायचं, धुवायचं, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचं, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची आणि तोंडावर नवी गोळी दाबायची. कुणी हे पैसे वाचतात म्हणून करतं. आर्डिस करायची ती दुसऱ्या कुणाच्या हातावर तिचा विश्वास नव्हता म्हणून.

ती उभा जन्म गावच्या धान्यकोठारावर वजनकाट्याशी बसलेली बाई. गव्हाचा ट्रक काट्यावर चढला की आकडा दिसायच्या आत ती अंदाज सांगायची, आणि शेतकरी तोंडात बोट घालायचे. काडतुसांच्या बाबतीत तर तिचं सोवळं फार कडक. टेबलावर एका वेळी दारूची एकच बाटली, बाकीच्या कपाटात. प्रत्येक माप तराजूवर. दारू घालून झाली की पितळं लाकडी पाटात उभी करून विजेरीच्या उजेडात एकेकाच्या पोटात डोकवायचं. कुठे दुप्पट पडली नाही ना, कुठे रिकामं राहिलं नाही ना. आणि हे चाललं असताना तिच्या डोक्याला लाल रुमाल बांधलेला असायचा. रुमाल दिसला की तिच्याशी बोलायचं नाही, मग घराला आग का लागेना.

लायल शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. तीस-चाळीस पोरांच्या कलकलाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे शांतता झाली की त्याला काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. काडतुसं भरतानाही तो शीळ घालायचा, रेडिओशी वाद घालायचा, नाहीतर कुत्र्याला हवामान सांगायचा. गंमत म्हणजे खऱ्या दारूच्या एका थेंबालाही तो शिवत नसे, आणि त्याच्या फळीवर दारूच्या बाटल्या मात्र ओळीने. पण त्याचा हात चोख होता. तयार झालेलं प्रत्येक काडतूस तो पोलादाच्या एका छोट्या मापनळीत टाकून बघायचा. काडतूस नळीत गडप झालं तर चांगलं, जरा जरी वर राहिलं तर बाद. मग बुडावरून अंगठा फिरवून टोपी पितळाच्या पातळीखाली गेलीय का तेही चाचपायचा, आणि हे सगळं शीळ न थांबवता.

तर टेबलं मावली. एक उत्तरेच्या भिंतीला, एक दक्षिणेच्या, मधे आर्डिसची जुनी पिकअप. मे महिन्यात लग्न झालं आणि जूनपर्यंत तहही झाला: लाल रुमाल दिसला की लायलने रेडिओ घेऊन अंगणात जायचं.

रायफली मात्र दोघांच्या दोन स्वभावांच्या. आर्डिसची बोल्टची, वडिलांकडून आलेली. प्रत्येक बाराला मूठ उचलायची, मागे ओढायची, पुन्हा पुढे ढकलून खाली दाबायची. दर हिवाळ्याला त्याच रायफलीने तिच्या घरी एल्कचं मटण येत होतं, आणि एका हरणाला तिने दुसरी गोळी कधी घातली नव्हती. लायलची जुन्या लष्करातली सेमी-ऑटोमॅटिक, गॅरंड. आठ काडतुसांची क्लिप वरून दाबून बसवली की पुढचं काम रायफल स्वतःच करते; बार उडतो, रिकामं पितळ बाहेर भिरकावलं जातं आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढचं काडतूस नळीच्या मागच्या घरात जाऊन बसतं. काडतूस दोन्हींचं एकच, थर्टी-ऑट-सिक्स. आणि एकच होतं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

ऑगस्टात लायल आर्डिसच्या घराचा ओटा रंगवायला शिडीवर चढला आणि तिथूनही शेजाऱ्याशी गप्पा मारता मारता खाली आला. हाड मोडलं नाही, पण उजवं मनगट भोपळ्यासारखं सुजलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधून दिली आणि सांगितलं की सप्टेंबरात रायफल उचलायला हरकत नाही, पण तोपर्यंत या हाताने काही ओढू-दाबू नकोस. काडतुसांच्या प्रेसला तर हातभर लांब दांडा, आणि पितळागणिक तो दाबायचा. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी गावच्या रायफल क्लबची जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा असते. लायल एकही वर्ष चुकला नव्हता. कधी जिंकलाही नव्हता, पण ती वेगळी गोष्ट. यंदा प्रेक्षकांत बसून सँडविच खाईन म्हणाला. हसत म्हणाला खरा, पण त्या दिवशी गॅरेजात शीळ ऐकू आली नाही.

ती शांतता आर्डिसला टोचली. महिनोन् महिने जिची वाट पाहिली तीच शांतता, आणि आता तिला तिथे काम सुचेना. लायल दुपारी दवाखान्यात नाहीतर कॉफीच्या अड्ड्यावर गेला की तिने लाल रुमाल बांधून त्याच्यासाठी काडतुसं भरायला घेतली.

आणि भरली ती विचार करून. गॅरंडला कुठलीही दारू चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. फार सावकाश जळणारी घातली तर आतला लांब दांडा वाकतो. म्हणून तिने पुस्तकात त्या रायफलीचं वेगळं पान काढलं, लायलच्याच फळीवरची त्याची नेहमीची बाटली घेतली, माप पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि प्रत्येक दाणा तोलला. मग पितळाची वेळ आली. लायलचं पितळ डब्यात होतं, ओबडधोबड, रायफलीने भिरकावून भिरकावून पोचे आलेलं. तिच्याकडे मात्र तिचं स्वतःचं होतं, वर्षानुवर्षं जपलेलं, आरशासारखं घासलेलं, एका लांबीत कापलेलं, तिच्याच रायफलीत उडालेलं आणि त्यामुळे तिच्या रायफलीच्या घराला हातमोज्यासारखं बसणारं. नवऱ्याला द्यायचं तर चांगलं तेच द्यावं. तिने स्वतःचं पितळ घेतलं, तीस वर्षं करत आली तसं साच्यात फक्त त्याची तोंडाकडची मान आवळून घेतली, नेहमीच्या टोप्या बसवल्या, आणि सगळी काडतुसं निळ्या डब्यात ओळीने लावून झाकण लावलं.

डबा तिने रात्रीच्या जेवणात त्याच्या ताटाशेजारी ठेवला. लायलने झाकण उघडलं, आणि आर्डिसच्या माहितीत पहिल्यांदाच त्याला शब्द सुचेना. एक काडतूस उचलून त्याने दिव्याकडे धरलं. मग उठून नाक शिंकरून आला.

"हे तुझं पितळ आहे," तो म्हणाला.

"मग काय दुकानातून आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफीचा कप घेऊन गॅरेजात डोकावली, तेव्हा तो त्याच्या टेबलाशी उभा होता. ड्रॉवरमधून मापनळी काढून त्याने हातात घेतली होती. मग निळ्या डब्याकडे पाहिलं, आणि नळी परत ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लावून टाकला. आर्डिस दबक्या पावलांनी मागे फिरली. मनातून ती अशी सुखावली होती की कॉफीत साखर घालायचीच राहिली.

स्पर्धेच्या दिवशी हवा स्वच्छ होती, वारा नावापुरता. चांदमारीचं मैदान गावाबाहेर, टेकडीच्या पोटात. तिथला कारभार नोरीन डॅलीच्या हातात. नोरीन जिल्ह्याच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होती. तिचा आवाज असा की भोंग्याची गरज लागत नसे, आणि अपघात झालेली माणसं इतकी पाहिलेली की नियमांच्या बाबतीत ती सख्ख्या भावाचंही ऐकत नसे. फाटकाशीच तिचा फळा होता. चष्मा लावा, कान झाका, रायफलीची नळी निशाणाकडे, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालू नये.

लायल आपल्या चटईवर पालथा झाला. शेजारच्या चटईवर बॉइड क्रॅंझ, गुरांचा मोठा व्यापारी, दर वर्षी जिंकणारा आणि ते वर्षभर विसरू न देणारा. लग्न झाल्यापासून तो लायलला नावाने हाक मारत नव्हता.

"काय नवरदेव, मनगट कसंय? की बायकोने ओटा रंगवण्यापुरतंच शिल्लक ठेवलंय?"

लायल म्हणाला की मनगट ठीक आहे, रंग अजून उरलाय, आणि बॉइडला हवा असेल तर ब्रशही आहे.

पहिली फेरी सावकाशीची, एकेक काडतूस घालून मारायची. आर्डिस मागे दोरीपलीकडे घडीच्या खुर्चीवर बसून दुर्बिणीतून निशाण बघत होती. लायलची पहिली गोळी काळ्या वर्तुळात गेली. दुसरीही. तिसरी, चौथी अशी गेली की बॉइडने मान वळवून पाहिलं. लायलने उभ्या जन्मात असा नेम मारला नव्हता. आर्डिसने दुर्बीण खाली केली आणि शेजारच्या बाईंना, त्यांनी विचारलं नव्हतं तरी, सांगून टाकलं की काडतुसं घरची आहेत.

पुढचं काडतूस घालून लायलने बोल्ट सोडला. नेहमीचा खाडकन आवाज आला नाही. बोल्ट पुढे गेला आणि बोटभर अंतर ठेवून थबकला.

असं झालं की बहुतेक जण काय करतात ते मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तळव्याने मुठीला एक ठोसा द्यायचा की बोल्ट बसतो. बॉइड तर पुटपुटलाही, मार की एक. लायलचा हात मुठीकडे गेला. आर्डिसने दुर्बिणीतून तो हात पाहिला, जाडजूड बोटांचा, पट्टीच्या खुणा अजून मनगटावर असलेला. तो क्षणभर तिथे थांबला आणि मग सरळ वर हवेत गेला.

"गोळीबार बंद," नोरीनचा आवाज टेकडीवर आपटून परत आला. सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या. तिने आजूबाजूच्या चटया रिकाम्या करून घेतल्या, लायलला नळी निशाणाकडेच ठेवून मूठ मागे ओढायला सांगितलं. दोनदा ओढूनही ती हलली नाही. तिसऱ्यांदा काडतूस बाहेर आलं आणि गवतात पडलं. नोरीनने ते उचलून एप्रनच्या खिशातली मापनळी काढली. काडतूस नळीत गेलं आणि लहान झालेल्या बुटातल्या टाचेसारखं वर राहिलं.

"कुणी भरलं हे?"

"मी," लायल म्हणाला. "घाई झाली. तपासायचं राहिलं."

आर्डिसला दोरीपलीकडे ते स्पष्ट ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं.

"कुठल्या हाताने भरलंस?" बॉइडने विचारलं. त्यात खोच नव्हती, त्याला खरंच प्रश्न पडला होता. "महिनाभर तर तुला काटा धरून मटण खाता येत नव्हतं."

नोरीनने चष्म्यावरून लायलकडे पाहिलं, मग निळ्या डब्याकडे. डब्यातलं पितळ उन्हात चकाकत होतं, आणि सबंध तालुक्यात इतकं घासलेलं पितळ कुणाचं असतं हे सांगायला पत्रिका काढायची गरज नव्हती.

आर्डिस खुर्चीवरून उठली. तीस वर्षांत तिच्या काडतुसाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. शेजारच्या गावातून माणसं तिला विचारायला यायची. गप्प बसली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. लायलने दोष अंगावर घेतलाच होता, आणि तो असा माणूस की पुन्हा कधी तोंडातून शब्द काढला नसता. पण हा दोष त्याचा नव्हता, आणि काट्यावर बसून खोटं वजन तिने कधी सांगितलं नव्हतं. दोरीखालून वाकून ती चटईपाशी आली.

"माझी आहेत," ती म्हणाली. "सगळी मी भरली. भरताना त्याने हातही लावला नाही."

नोरीनने डब्यातली आणखी काडतुसं एकेक करून नळीत टाकली. काही नीट बसली, पुष्कळशी वर राहिली.

"मान आवळलीस फक्त?" नोरीनने विचारलं.

"नेहमी तेवढंच करते."

"तुझ्या रायफलीला ते चालतं, आर्डिस. पितळ तुझ्याच घरातून बाहेर आलेलं, तुझ्याच घरात परत जाणार. आणि कुठे अडलंच तर मूठ तुझ्या हातात असते. हाताला कळतं. स्प्रिंगला कळत नाही." तिने काडतूस उलटं करून बूड दाखवलं. "आणि ही तुझी टोपी मऊ. या रायफलीचा आतला खिळा मोकळा असतो. बोल्ट धाडकन बंद होतो तेव्हा तो स्वतःच पुढे येऊन टोपीला टिचकी मारतो. पितळ पूर्ण आत बसलेलं नसताना, कुलूप लागलेलं नसताना एखाद्या दिवशी ती टिचकी पुरली, तर सगळा जाळ मागे येतो. तोंडावर. मी एक तसा चेहरा शिवलाय. दुसरा शिवायचा नाहीये."

दारूबद्दल तिने विचारलं तेव्हा आर्डिसने बाटली, माप, पुस्तकातलं पान, सगळं सांगितलं. ते सारं बरोबर होतं. त्यामुळे तिला जास्तच वाईट वाटलं.

"माझी घे काडतुसं," बॉइड मोठ्या मनाने लायलला म्हणाला, आणि नोरीनने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढे केलेला डबा स्वतःच मागे घेतला. मग स्वतःचा बचाव करावा म्हणून असेल, पण त्याने एक मुद्दा काढला. फळ्यावर 'दुसऱ्याने भरलेलं' असं आहे. आता बायको दुसरी कशी? चर्चमध्ये तर पाद्रीबाबा म्हणाले की दोघं एक झाली.

"चर्चमध्ये झाली असतील," नोरीन म्हणाली. "रायफलीच्या घरात ती अजून दोनच आहेत."

त्यावर पहिला कुणी हसला असेल तर तो लायल. तिथेच चटईवर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आर्डिसला मात्र हसू आलं नाही. आपलं पितळ सगळ्या गावासमोर उघडं पडलं, एवढंच तिला दिसत होतं.

परतताना पिकअप तिने चालवली. नदीच्या पुलापर्यंत दोघंही गप्प, आणि लायलला गप्प बसणं म्हणजे श्वास कोंडण्यासारखं. शेवटी तीच बोलली. चूक माझी होती, ती मी पदरात घेतली, पण तू खोटं का बोललास, असं तिने विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांसमोर तुला खाली बघायला लागू नये म्हणून. ती म्हणाली की खाली बघायला तिची हरकत नव्हती, त्याला पट्टी बांधलेल्या तोंडाने दवाखान्यात बघायला असती. मग पुलाच्या पलीकडे तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"त्या दिवशी नळी हातात घेतली होतीस. मी पाहिलं."

लायलने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"घेतली होती."

"मग ठेवलीस का परत?"

"बायकोने इतकं जीव लावून दिलेलं," तो म्हणाला. "लग्नाची अंगठी कुणी कसोटीच्या दगडावर घासून बघतं का, आर्डिस?"

त्या सकाळी कॉफी घेऊन मागे फिरताना झालेला आनंद आर्डिसला आठवला. त्याने तपासलं नाही म्हणून ती खूश झाली होती. तपासलं असतं तर फुगून बसली असती, हेही तिला ठाऊक होतं. जीव वाचवणाऱ्या सवयीवर त्याने तिच्या रुसव्याच्या भीतीने पाणी सोडलं होतं.

"घासून बघ," ती म्हणाली. "माझी प्रत्येक वस्तू बघ. मी रागावले तर रागावू दे, मग जेवायच्या वेळेपर्यंत बोलणार नाही. तुला तेवढंच ऐकायला कमी पडेल."

"ते फार जड जाईल," लायल म्हणाला, आणि आता मात्र तिलाही हसू आवरलं नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर दोघांनी काडतुसं खोलायला घेतली. त्यासाठी प्लॅस्टिकचा एक पोकळ हातोडा असतो. काडतूस त्यात उलटं अडकवून हातोडा ठोकळ्यावर आपटायचा, की गोळी आणि दारू आत सुटी होते. लायल डाव्या हाताने आपटत होता आणि प्रत्येक ठोक्याला बॉइडचं नाव घेत होता. कुत्रं घरात जाऊन पलंगाखाली लपलं. दारू ओळखीची होती, बाटलीत परत ओतता आली असती. पण एकदा बाहेर पडलेली दारू बाटलीत परत जात नाही हा आर्डिसचा जुना नियम, आणि आज नियम वाकवायचा तिचा विचार नव्हता. तिने वाडगा अंगणात नेऊन ऱ्हुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात पसरून टाकला. खत म्हणून ते बरं असतं.

मग तिने बाह्या सरसावल्या आणि लायलच्या टेबलाशी बसून म्हणाली की दाखव तुझ्या रायफलीला कसं लागतं ते.

लायलने दाखवलं. पितळाची नुसती मान नाही, सबंध अंग साच्यात घालून मानेखालचा खांदाही मागे दाबायचा, म्हणजे ते कुठल्याही घरात सैल बसतं. टोप्या जाड पत्र्याच्या घ्यायच्या आणि पातळीच्या खाली खोल बसवायच्या. आणि साच्यात घालायच्या आधी पितळाला वंगण चोळायचं, सगळीकडून, कंजूषपणा न करता. आर्डिसने इतकी वर्षं वंगणाला हात लावला नव्हता, मानेपुरतं कधी लागलंच नव्हतं, आणि चिकट हात तिला आवडत नसत. तिने बोटाच्या टोकाने जरासं पुसल्यासारखं केलं आणि दांडा दाबला. पितळ आत गेलं. दांडा वर केला तर पितळ आतच. जोर लावला तर बुडाची कड फाटून हातात आली आणि बाकीचं साच्यात रुतून बसलं, बाटलीतल्या बुचासारखं.

आर्डिस ट्वेट, जिच्या टेबलाशी शेजारची गावं शिकायला यायची, ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. लायलने शीळ सुरू केली. लग्नात वाजवलेलंच गाणं, फक्त जरा जास्त आनंदाने. मग ड्रिल आणलं, एक खिळा आणला, आणि संध्याकाळचं जेवण थंड होईपर्यंत दोघांनी मिळून ते पितळ बाहेर काढलं. दोघांचेही हात कोपरापर्यंत वंगणाने माखले होते आणि आर्डिसच्या कपाळावरही एक पट्टा उमटला होता. तो तिला दुसऱ्या दिवशी धान्यकोठारावरच्या पोराने दाखवून दिला.

नोरीनने फळ्यावर भर घालून घेतली. पुढच्या शनिवारी फाटकाशी गेलेल्या सगळ्यांनी ती वाचली: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालू नये. नवरा-बायको धरून. अक्षर बॉइडचं होतं. त्याने खाली एक लहानसं हृदय काढलं होतं, ते नोरीनने पुसून टाकलं, पण नीट पुसलं गेलं नाही.

लायलचं मनगट सप्टेंबर सरता सरता पूर्ण बरं झालं, आणि आपली काडतुसं तो आपणच भरू लागला. आर्डिसने तिच्या टेबलाला रंगीत झाकणांचे डबे आणले; तिच्या रायफलीचे हिरव्या झाकणाचे, त्याच्या रायफलीचे पिवळ्या. पिवळ्या झाकणाच्या डब्यांना ती हात लावत नसे, आणि हिरव्यांतलं एकेक काडतूस मात्र लायल अधूनमधून मुद्दाम मापनळीत टाकून बघायचा. ते तिच्या रायफलीचं असल्यामुळे वर राहायचं. तो मान हलवून "वाईट, फार वाईट" म्हणायचा, आणि ती त्याच्या अंगावर वंगणाचं फडकं फेकायची.

ऑक्टोबरच्या एका दुपारी, एल्कचा हंगाम उघडायच्या आधी, दोघं मैदानावर आपापल्या रायफलीची नेमपट्टी जुळवायला गेली. तिथे दुसरं कुणी नव्हतं. आर्डिसचं काम चार गोळ्यांत झालं आणि ती लायलच्या मागे उभी राहून बघू लागली. बघता बघता म्हणाली की एवढा घोळ जिच्यामुळे झाला, ती रायफल आपण एकदाही उडवली नाही.

"ही काडतुसं मी भरलीत," लायल म्हणाला. "फळ्यावर काय लिहिलंय?"

नियमाच्या बाहेर जायची दोघांचीही तयारी नव्हती. मग तिने घरी जाऊन चांगले चार दिवस, लाल रुमाल बांधून, लायलच्या पितळाची, त्याच्या साच्यात, भरपूर वंगण लावून स्वतः काडतुसं भरली. लायलने प्रत्येक नळीत घालून पाहिलं, आणि या खेपेला तिनेच डबा तपासायला म्हणून त्याच्यापुढे सरकवला होता. सगळी गडप झाली.

मैदानावर तिने गॅरंड खांद्याला लावली. लायलने क्लिप कशी दाबायची ते सांगितलं आणि अंगठा पटकन काढून घे म्हणून बजावलं. अंगठ्याबद्दलचं तिने ऐकलं न ऐकलं. बोल्ट सुटला आणि तिच्या अंगठ्याला असा चावला की तिच्या तोंडून निघालेला शब्द लायलने बसमधल्या मोठ्या पोरांकडूनही ऐकला नव्हता. पण रायफल खाली ठेवायला ती तयार होईना. आठ गोळ्या तिने मारल्या, एकामागून एक, मधे मूठ न उचलता, आणि शेवटच्या बारासरशी रिकामी क्लिप टणकन आवाज करत हवेत उडाली आणि तिच्या टोपीवरून पलीकडे गेली.

आर्डिस दचकली. मग तिने मान मागे टाकून अशी हसायला सुरुवात केली की लायलने घाईघाईने सुरक्षेचा खटका लावला का ते पाहिलं. लावला होता.

"आणखी एक क्लिप दे," ती म्हणाली.

रविवारी चर्चमध्ये तिचा काळानिळा अंगठा सगळ्यांनी पाहिला. बॉइडने विचारलं की काय झालं, दारात सापडला का? आर्डिसने अंगठा त्याच्या नाकासमोर धरला आणि पुढच्या सप्टेंबरात स्पर्धेला लायलच्या चटईशेजारी आणखी एक चटई लागेल म्हणून सांगितलं. बॉइडने लायलकडे पाहिलं. लायल गाण्याच्या पुस्तकात डोकं खुपसून, एकही शब्द न वाचता, शीळ घालायचं कसंबसं आवरत उभा होता.